टोपीवरचे नाव, पिशवीवरचे नाव

'पट्टेवाला' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या शिपायाला मुंबई इलाख्यात पूर्वी याच नावाने ओळखीत. बंगालकडे तोच मनुष्य 'चपराशी' असे आणि मद्रासेकडे 'प्यून'. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या तिन्ही नावांची नोंद एकाच ठिकाणी सापडते. चपरास म्हणजे कमरेच्या किंवा खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यावर बसविलेला धातूचा बिल्ला. त्यावर त्या कचेरीचे नाव कोरलेले असे. चपरास ज्याच्या अंगावर तो चपराशी, आणि पट्टा ज्याच्या अंगावर तो पट्टेवाला. त्या माणसाचे स्वतःचे नाव काय, हे कोणी विचारीत नसे.

आजच्या विषयाला हा पट्टेवाला आम्ही मुद्दाम आरंभी उभा केला आहे. एखाद्या कंपनीचे नाव छापलेली टोपी किंवा पिशवी आज कोणाच्या घरी नाही? बँक देते, बियाणे विकणारा देतो, औषधवाला डॉक्टरांना देतो, आणि डॉक्टर ती आपल्या ड्रायव्हरला देतात. वस्तू इतकी सामान्य, की तिला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या पोटात एक व्यवहाराचा प्रश्न आहे: दुसऱ्याचे नाव अंगावर वागवायचे ते कशाच्या मोबदल्यात? पट्टेवाल्याला त्याचा पगार मिळत होता. आपल्याला काय मिळते?

व्यापारी खुणा मूळच्या माणसांसाठी नव्हत्याच. त्या मालाच्या गठ्ठ्यांसाठी होत्या. गलबतात शेकडो गाठी एकत्र भरल्या की कोणती गाठ कोणाची हे खलाशाला कळावे कसे? त्याला वाचता येत नसे. म्हणून गोणपाटावर काळ्या रंगाने एखादी सोपी आकृती काढीत. ईस्ट इंडिया कंपनीची खूण अशीच होती. बदामासारखा एक आकार, त्याचे रेघांनी पाडलेले भाग, भागांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे, आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे एक चिन्ह. बारदानावरची ही खूण कोठवर चढली पाहा. 1791 साली कंपनीने मुंबई इलाख्यासाठी इंग्लंडात तांब्याची नाणी पाडून घेतली. त्यांच्या एका बाजूला हीच गाठीवरची खूण आहे, आणि दुसऱ्या बाजूला तराजू काढून फारसी लिपीत 'अदल' म्हणजे न्याय असा शब्द घातला आहे. राजाची मुद्रा असावयाची तेथे गोणीची खूण आली. ज्याला कंपनीचे राज्य म्हणजे काय हे एका वस्तूत पाहावयाचे असेल, त्याने हे नाणे अवश्य पाहावे.

माणसांच्या अंगावर कंपनीची खूण येण्याची पद्धत लंडनात आधीपासून होती. 1666 च्या मोठ्या आगीनंतर तेथे आगीच्या विम्याच्या कंपन्या निघाल्या, आणि प्रत्येकीने आपापले बंबवाले ठेवले. त्यांना कंपनीच्या रंगाचा पोशाख आणि दंडावर बिल्ला असे. 1710 साली निघालेल्या 'सन फायर ऑफिस'चा बिल्ला सूर्याचा होता. पण हे सारे नोकर लोक. कोणी आपण होऊन, पगाराशिवाय, केवळ हौसेने दुसऱ्याचे चिन्ह लावावे, हे निराळे प्रकरण आहे. अमेरिकेत 1789 साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले तेव्हा त्या प्रसंगाची बटणे लोकांनी कोटांना लावली. ते राजकारण होते. व्यापाऱ्याचे नाव लोकांनी आपखुशीने मिरविण्यास मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली.

ते घडले ओहायो संस्थानातील कोशॉक्टन या लहानशा गावात. दोन नद्यांच्या संगमावर, जुन्या कालव्याच्या काठी वसलेले हे गाव. तेथे 1880 च्या दशकात जॅस्पर मीक या नावाचा एक वृत्तपत्राचा छापखानेवाला होता. लहान गावच्या छापखान्याचे दुखणे सर्वत्र एकच. अंक छापून झाला की पुढच्या अंकापर्यंत यंत्र रिकामे, आणि कामगारांचा पगार मात्र चालू. या रिकाम्या यंत्रावर काय छापावे, या विवंचनेत मीक होता. एके दिवशी शाळेला जाणाऱ्या एका मुलीच्या हातून पुस्तके रस्त्यात पडलेली त्याने पाहिली, आणि त्यावरून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली असो, पुढचे सर्वज्ञात आहे. मीक गावातील कँटवेल नावाच्या जोड्यांच्या दुकानदाराकडे गेला आणि त्याला म्हणाला, की मी तुम्हाला तरटाची दप्तरे छापून देतो, तुम्ही ती शाळेच्या मुलांना फुकट वाटा. दप्तरावर शब्द होते तीनच: कँटवेलचे जोडे घ्या.

यातील व्यापारी अक्कल बारकाईने पाहण्यासारखी आहे. मीकने पत्रक छापले असते तर ते गटारात गेले असते. भिंतीवर रंगविले असते तर ती भिंत जागची हलली नसती. दप्तर मात्र रोज सकाळी घरातून निघे, गावभर फिरे, शाळेत बसे आणि संध्याकाळी परत घरी जाऊन नेमके जोडे विकत घेणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगले जाई. वर्षभर. आणि ते नेणारे मूल ते आनंदाने नेई, कारण त्याला दप्तर हवेच होते. गावात मुले जितकी, तितके बिनपगारी पट्टेवाले कँटवेलला मिळाले. परंतु येथे एक भेद केला पाहिजे. त्या मुलांना फसविलेले नव्हते. त्यांना एक दप्तर मिळाले होते.

आमच्या दृष्टीने याहूनही जवळची गोष्ट त्या कापडाची आहे. अमेरिकेत ज्याला बर्लॅप म्हणत, ते आपले तरट. ते तागाचे विणीत, आणि त्या काळी जगातील जवळजवळ सगळा ताग बंगालच्या शेतांत पिके. तो आधी स्कॉटलंडातील डंडीच्या गिरण्यांत जाई. पुढे 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे पहिली तागाची गिरणी निघाली, आणि हुगळीच्या काठाने गिरण्यांची रांगच लागली. तेव्हा कोशॉक्टनच्या पोरांच्या खांद्यावर जे तरट आले, त्याचा धागा बहुधा पूर्व बंगालच्या एखाद्या शेतकऱ्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून सोललेला असावा. त्याचे नाव कोणत्याही पिशवीवर छापलेले नाही.

मीकचे पाहून त्याच गावातील दुसरा छापखानेवाला हेन्री बीच हाही या धंद्यात उतरला. दोघांची मोठी चुरस लागली. गोट्यांच्या पिशव्या, बग्गीचे चाबूक, पंखे, कॅलेंडरे, स्वयंपाकिणींचे एप्रन, कापडी टोप्या, सर्वांवर कोणाचे ना कोणाचे नाव छापून निघू लागले. घोड्यांच्या टोप्यासुद्धा त्यांनी छापल्या. हे वाचून हसू येईल, परंतु उन्हाळ्यात गाडीच्या घोड्याला टोपी घालण्याची तेथे रीत होती, आणि भर रस्त्यात घोड्याच्या डोक्याइतकी उंच व मोक्याची जागा दुसरी कोणती? 1901 साली दोघांनी आपल्या कंपन्या एकत्र केल्या, आणि लवकरच पुन्हा भांडून म्हणा वा धोरणाने म्हणा, ते वेगळे झाले. त्यांच्या या उद्योगातूनच पुढे पत्र्यावर रंगीत छपाईचे कारखाने वाढले. कोकाकोलाच्या जुन्या चित्रमय ताटल्या, ज्यांना आज संग्राहक मोठी किंमत देतात, त्यांतल्या कितीतरी कोशॉक्टनच्याच.

येथवर नाव छापणाऱ्याची बाजू झाली. आता पिशवी घेणाऱ्याची बाजू पाहू, कारण खरी सजावट तिकडून झाली आहे.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मनीने बेल्जम व्यापले आणि तेथील लोकांवर उपासमारीची पाळी आली. हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखाली एक साहाय्य समिती निघाली, आणि अमेरिका व कॅनडातून पिठाची जहाजे बेल्जमला जाऊ लागली. पीठ कापसाच्या पिशव्यांत होते. प्रत्येक पिशवीवर गिरणीचे नाव, गावाचे नाव, एखादे गरुडाचे किंवा गव्हाच्या ओंबीचे चित्र. पीठ संपले तरी पिशव्यांचा हिशेब कटाक्षाने ठेवावा लागे. कापूस जर्मनांच्या हाती गेला तर त्याची स्फोटके होतील, आणि त्याच पिशव्यांत हलके पीठ भरून कोणी विकील, अशी दुहेरी भीती होती. म्हणून रिकाम्या पिशव्या शिवणवर्गांकडे, शाळांकडे, जोगिणींच्या मठांकडे दिल्या गेल्या. बेल्जमच्या बायका लेस विणण्यात आणि भरतकामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. युद्धाने त्यांचा धंदा बसला होता. त्यांनी गिरणीच्या छापील अक्षरांवरच रेशमी दोऱ्यांनी भरावयास सुरुवात केली. गरुडाला पिसे आली, ओंब्या सोनेरी झाल्या, कडेला लेस लागली, आणि मधोमध आभाराचे शब्द आले. अशा पिशव्या विकून पैसा उभा केला आणि कित्येक पिशव्या भेट म्हणून अमेरिकेला परत पाठविल्या. हूव्हर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. आयोवा संस्थानातील वेस्ट ब्रँच या गावी त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, तेथे अशा शेकडो पिशव्या जपून ठेवलेल्या आहेत.

गिरणीवाल्याने आपले नाव छापले ते पीठ कोणाचे हे कळावे म्हणून. त्या नावावर कोणी परदेशी मुलगी आठवडाभर मान मोडून सुई चालवील, असे त्याच्या स्वप्नातही नसेल. कोणत्याही कंपनीने पैसे मोजून आपल्या नावाची इतकी सुंदर सजावट कधी करून घेतलेली आम्हास ठाऊक नाही.

खुद्द अमेरिकेत पिशवीची दुसरीच तऱ्हा झाली. खेड्यातील गृहिणी पिठाची पिशवी टाकून देत नसे. तिचे रुमाल, उशांचे अभ्रे, पोरांचे कपडे शिवी. आपल्याकडे जुनेऱ्याची गोधडी शिवणाऱ्या आजीला यात काहीच नवल वाटणार नाही. अडचण एकच होती: ते छापील नाव. चड्डीवर मागच्या बाजूला गिरणीचे नाव कोणाला हवे? मग रात्रभर चरबीत किंवा रॉकेलमध्ये भिजवून आणि सकाळी साबणाने रगडून ते नाव काढावे लागे. गिरणीवाले शहाणे होते. 1925 च्या सुमारास सेंट लुईसच्या एका गिरणीने 'गिंगम गर्ल' या नावाचे पीठ थेट झग्याच्या चौकटीच्या कापडात भरून बाजारात आणले. 1930 च्या दशकात मंदी आली, तेव्हा तर गिरण्यांनी फुलाफुलांच्या नक्षी काढणारे कारागीर नोकरीस ठेवले. नाव धुतल्याबरोबर जाणाऱ्या शाईने छापू लागले, नाहीतर भिजवून सुटणाऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर. म्हणजे कंपनीचे नाव जितके लवकर पुसले जाईल, तितके पीठ अधिक खपे! जाहिरातीच्या इतिहासात याहून मार्मिक प्रकरण दुसरे नसेल. घरातील कर्ती बाई दुकानात जाऊन पीठ पाहत नसे, कापड पाही. एका झग्याला तीनचार पिशव्या लागत, तेव्हा एकाच नक्षीच्या पिशव्या मिळाव्यात म्हणून नवऱ्याला कापडाचा तुकडा नमुन्यादाखल देऊन पिटाळीत, अशा हकीगती तिकडे अजून सांगतात.

टोपीची कथा याहून थोडक्यात आटोपते. पुढे झापड असलेली बेसबॉलची टोपी ब्रुकलिनच्या एका संघाने 1860 च्या सुमारास घातली. डेट्रॉईटच्या संघाने 1901 साली तिच्यावर वाघाचे चित्र लावले, आणि टोपीचा पुढचा भाग ही एक जागा आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बियाण्यांच्या, खतांच्या आणि ट्रॅक्टरांच्या कंपन्यांनी अमेरिकन शेतकऱ्याला अशा टोप्या फुकट वाटल्या. शेतकरी ती उन्हासाठी घाली. तिच्यावरचे नाव त्याला दिसतच नसे, ते समोरच्याला दिसे. हीच टोपीची खुबी आहे, आणि हाच तिचा धोका. पिशवी हातात असते, ती उलटी धरता येते. टोपी डोक्यावर असते. आपल्या लोकांना डोक्यावर काय घालावे याविषयी फार पूर्वीपासून हळवेपणा आहे. पगडी, पागोटे, फेटा, रुमाल यांवरून माणसाची जात, गाव आणि धंदा ओळखला जाई. 1920 च्या सुमारास असहकाराच्या चळवळीत खादीची पांढरी टोपी आली. तिच्यावर एक अक्षरही नव्हते. तरीही काही सरकारी कचेऱ्यांतून ती घालण्यास बंदी झाली. कोऱ्या टोपीने जे सांगितले, ते वाचण्यास साहेबाला अडचण पडली नाही. त्या टोपीवर अक्षरे उमटली ती 2011 साली, अण्णा हजारे यांच्या दिल्लीच्या उपोषणात. त्यानंतर निवडणुकीच्या दिवसांत कोरी पांढरी टोपी शोधावीच लागते.

आता सजावटीच्या कसबाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळ संस्था येथे नाहक पैसा घालवितात. टोपीला सुई मानवते आणि पिशवीला शाई, असे स्थूल मानाने म्हणता येईल. टोपीचा पुढचा भाग गोलसर, मध्ये बहुधा शिवण, आत बकरमाचे कडक अस्तर. अशा उंचवट्यावर छापा नीट बसत नाही, भरतकाम बसते. यंत्राने भरतकाम करण्याची विद्या 1828 साली मुलहाउसच्या जोझुए हाइलमानने आणली, आणि 1863 साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने धोट्याचे शिफ्ली यंत्र करून तिला वेग दिला. आज संगणकाच्या हुकमाने दहावीस सुया एकदम चालतात. परंतु दोऱ्याची जाडी काही बदललेली नाही. पाव इंचाहून लहान अक्षर भरावयास घेतले की त्याची पोटे बुजतात आणि 'घ'चा 'ध' होतो. देवनागरीत तर काना, मात्रा, रफार यांनी अधिकच दाटी होते. म्हणून टोपीवर चिन्ह असावे, फार तर एक शब्द. संस्थेचे पूर्ण नाव, स्थापनेचे वर्ष, पत्ता आणि ब्रीदवाक्य हा सारा संसार टोपीवर मांडणारे चिटणीस आम्ही पाहिले आहेत. ती टोपी वाचण्यासाठी माणसाला जवळ उभे करून ठेवावे लागते.

पिशवी सपाट असते, तिला जाळीची छपाई सोयीची. 1907 साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने हिचे पेटंट घेतले. ताणलेल्या रेशमी जाळीची नको ती छिद्रे बुजवायची, वर शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची, की खालच्या कापडावर अक्षरे उमटतात. लग्नपत्रिकांमुळे ही छपाई आपल्या पेठापेठांतून माहीत आहे. दर रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणून रंग वाढला की खर्च वाढला. मांजरपाटावर बारीक रेघ उमटते. तागावर उमटत नाही, कारण वीणच ठसठशीत. कोशॉक्टनचे तीन शब्द मोठ्या अक्षरांत होते ते उगाच नव्हे.

वस्तू निवडताना मात्र चूक होते ती हिशेबात. समजा, चाळीस रुपयांची पिशवी चार खेपांत फाटली, आणि एकशेवीस रुपयांची दोनशे खेपा टिकली. पहिलीने दर खेपेला दहा रुपये खाल्ले, दुसरीने साठ पैसे. तरीही समितीच्या बैठकीत पहिलीच मंजूर होते, कारण कोटेशनवर खेपा लिहिलेल्या नसतात. आणि बंद फाटून कांदे रस्त्यावर सांडतात, तेव्हा पिशवीवरचे नाव सर्वांत स्वच्छ वाचले जाते. याउलट लग्नाचा बस्ता बांधलेली जाड कापडी पिशवी घरोघर पहा. लग्न होऊन मुले शाळेत जाऊ लागतात, साडी विरून जाते, तरी ती पिशवी भाजीला जातच असते. त्या दुकानदाराने कोणत्याही जाहिरात-पंडिताला विचारलेले नसते. त्याने फक्त बंद दुहेरी शिवून घेतलेले असतात.

महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा हुकूम निघाला आणि जूनपासून दंड सुरू झाला. कापडी आणि कागदी पिशवीला पुन्हा दिवस आले. पण याच सुमारास मोठमोठ्या दुकानांतून एक नवी चाल सर्व देशभर रुळली होती. पिशवीवर दुकानाचे नाव ठळक छापायचे, आणि तिची किंमतही गिऱ्हाइकाकडूनच बिलात घ्यायची. पट्टेवाल्याला निदान पगार होता, कँटवेलच्या पोरांना दप्तर फुकट होते. आता नाव मिरविणारा स्वतःच पैसे भरू लागला. बहुतेकांनी ते मुकाट्याने भरले. रक्कमच इतकी लहान, की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी.

चंदीगडच्या एका गिऱ्हाइकाला ती वाटली नाही. 2019 च्या फेब्रुवारीत त्याने बाटाच्या दुकानातून जोडे घेतले. बिलात कागदी पिशवीचे तीन रुपये लावलेले होते, आणि पिशवीवर कंपनीचे नाव होते. तो जिल्हा ग्राहक मंचाकडे गेला. त्याचे म्हणणे असे, की या पिशवीने जाहिरात तुमची होते, मग तिचे पैसे मी का द्यावे? पिशव्या पर्यावरणासाठी आहेत, असा कंपनीचा बचाव. मंचाने तो मानला नाही. ज्याला पर्यावरणाची काळजी आहे त्याने पिशवी फुकट द्यावी, असा मंचाचा अभिप्राय पडला. एप्रिलमध्ये निकाल लागला. नुकसानभरपाई, दाव्याचा खर्च आणि कायदेविषयक साहाय्याच्या खात्यात भरावयाची रक्कम मिळून कंपनीला नऊ हजार रुपये पडले. शिवाय पिशवीचे तीन रुपये परत करावेत, आणि यापुढे माल घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पिशवी विनामूल्य द्यावी, असा हुकूम झाला.